पपनस आणि काडेचिराईत

मामांनी जन्मात बियरचा एक ग्लास पुरा संपवला नसेल. त्यांना पित्त व्हायचं. दोन घोट पोटात गेले की घशाशी आंबट यायचं, मग थंड दूध पीत स्वतःलाच शिव्या देत बसायचे. असा माणूस सौदीतल्या यान्बूच्या कॅम्पात पलंगाखाली बियर करायचा. जिथे त्या नुसत्या वासावर नोकरी जाते, तुरुंग होतो आणि वर कायमचं घरी पाठवतात, तिथे. आणि तीही साधीसुधी बियर नाही. संत्र्या-लिंबाच्या वासाची, फिकट सोनेरी रंगाची. तिला पेल एल म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी दापोलीकडचा कोकणी मुसलमान. पाच वेळची नमाज सहसा चुकवत नाही, आणि आमच्या घराण्यात दारूची बाटली कोणी हातातसुद्धा धरलेली नाही. नशिबाने आम्हा दोघांना एका खोलीत टाकलं आणि वर मजा बघत बसलं.

मामा नगर जिल्ह्यातले, मोसंबीच्या बागांच्या मुलखातले. प्लांटवर ते इन्स्ट्रुमेंट फोरमन होते, म्हणजे दाब, तापमान, टाकीतली पातळी दाखवणारे जे मीटर असतात त्यांची देखभाल त्यांच्याकडे. मी पाइप फिटर, हाताखाली दोन-चार माणसं. त्यांना मामा कोणी केलं ठाऊक नाही, पण केरळवाले, पेशावरवाले, फिलिपिनो, सगळे मामाच म्हणत. मला ते पहिल्या दिवसापासून हाजी म्हणू लागले. माझा तेव्हा उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, झाला होता, हज नव्हता. तसं सांगितलं तर म्हणाले, आज ना उद्या करशीलच, मी आगाऊ म्हणतो.

वास घेतल्याशिवाय ते कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नसत. ताटात भात पडला की आधी नाकाशी. नवं हेल्मेट मिळालं की आत तोंड घालून वास. मेसमधली डाळ त्यांनी हुंगून परत केली की आम्ही बाकीचेही मुकाट्याने अंडी मागवायचो. बाजारात गेले की भाजीवाल्याच्या ढिगातलं पपनस उचलायचे, सालीला नखाने ओरखडा काढायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. दुकानदार म्हातारा येमेनी. तो "या शेख, खलास, खलास", म्हणजे पुरे, पुरे, करत धावून यायचा. पण ओरखडलेलं फळ मामा विकत घ्यायचे, म्हणून त्याने त्यांना कधी हाकललं नाही. त्यांना हवी असायची साल. गर माझ्या वाट्याला यायचा. मी इतकं पपनस खाल्लं की सुट्टीत गावी गेल्यावर दारातल्या झाडाकडे बघवेना.

बियरसाठी जव लागतात. ते या देशात कुठेही मिळतात, कारण इथे शेळ्या-मेंढ्यांना जव घालतात. मामा चाऱ्याच्या दुकानातून पिशवी भरून आणायचे, भिजवायचे, ओल्या टॉवेलात बांधून पलंगाखाली ठेवायचे. पहिल्यांदा मी ती पुरचुंडी उघडली तेव्हा मोड बोटभर झाले होते. आमच्याकडे बाळंतिणीसाठी नाचणीचं सत्त्व करतात. नाचणीला मोड कितपत येऊ द्यायचे हे मला आजीच्या हाताखाली कळलेलं. मी सहज बोलून गेलो की मामा, हे फार वाढलेत, सगळा गोडवा मोडांनी खाल्ला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथल्या तिथे जीभ चावावीशी वाटली. नमाजी माणसाने बियरवाल्याला सल्ला दिला होता.

मोड आलेले जव ते कॅम्पच्या गच्चीवर वाळवायचे. गच्चीवर काय आहे म्हणून कॅम्प बॉसने विचारलं तर म्हणाले, कबुतरांसाठी. त्या दिवसापासून रोज मूठभर जव खरंच कबुतरांना घालावे लागले, नाहीतर खोटं उघडं पडलं असतं. थोड्याच दिवसांत आमच्या गच्चीवर अर्ध्या यान्बूची कबुतरं जमा झाली.

कडूपणासाठी खऱ्या बियरमध्ये एक परदेशी फूल घालतात. ते इथे कुठून मिळणार? मामांनी त्यावर काडेचिराईत शोधलं. लहानपणी तापात नाक दाबून जो काढा आपण पितो आणि आईला दोष देतो, तो हा माणूस हौसेने उकळून बियरमध्ये घालायचा. सुट्टीहून येणाऱ्या प्रत्येकाला काड्यांची जुडी आणायला सांगायचे. विमानतळावर विचारलं तर पोटाचं औषध म्हणा, असं पढवून ठेवलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. काडेचिराइताचा कडूपणा, पपनसाच्या सालीचा वास, वरून एखादं तुर्की लिंबू. हे सगळं पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बुधल्यात जायचं आणि पावाच्या यीस्टवर आंबायचं. बुधल्याच्या तोंडाला त्यांनी प्लांटवरची बारीक नळी बसवली होती, तिचं दुसरं टोक पाणी भरलेल्या जॅमच्या बाटलीत. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडे, बाहेरची आत येत नसे.

त्या बुडबुड्यांनी माझा जीव घेतला. मी नमाजला उभा राहिलो की मागून ब्लुक, ब्लुक. एकदा नमाज संपवून, सलाम फेरून मी त्यांना म्हणालो की मामा, अल्लाहच्या आणि माझ्या मध्ये तुमची बियर बोलते आहे. ते खरोखर शरमले. पुढे अजान झाली की ते बुधला उचलून बाथरूममध्ये जायचे आणि माझी नमाज होईपर्यंत त्याला मांडीवर घेऊन कमोडवर बसून राहायचे. रमजानात रात्रीच्या लांब तरावीह नमाजेच्या वेळी तर तासभर. त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

एसी मात्र त्यांच्या हुकमाने चालायचा. बियरला गारवा लागतो. बाहेर पंचेचाळीसचा पारा, आणि आत मी दोन दुलया घेऊन कुडकुडतोय. घरी व्हिडिओ कॉल केला की बायको विचारायची, तिकडे बर्फ पडतो का?

एवढं सगळं मी का सोसलं, असं कुणीही विचारेल. पकडले गेलो असतो तर त्यांची नोकरी गेली असती, पण माझं तोंड काळं झालं असतं. माझ्या दोन मुली लग्नाच्या वयाला आलेल्या. दारूच्या गुन्ह्यात सौदीतून हाकललेल्या माणसाच्या घरी आमच्याकडे कोण सोयरीक घेऊन येणार? मी खोली बदलायचा अर्ज दोनदा करायला निघालो आणि दोनदा परत फिरलो. कारण अब्बा गेले तेव्हा प्लांट बंद करून दुरुस्ती चालू होती, कुणालाच सुट्टी नव्हती. मामा साहेबाच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, त्याच्या माणसांवर त्याच्या जागी मी उभा राहतो. स्वतःची पाळी करून वर माझी केली. मी मातीला पोचलो. अब्बांना कबरीत मी उतरवलं. हे एकदा झाल्यावर मोडांचा वास काय आणि बुडबुडे काय.

आणि हे त्यांनी माझ्यापुरतं केलं असंही नाही. ईद आली की मुसलमानांच्या पाळ्या मामा घेणार, ओणमला केरळवाल्यांच्या, नाताळला फिलिपिनोंच्या. कुणाची बायको बाळंत, कुणाची आई आजारी, की मामा थांबले. त्यांची सुट्टी दर वर्षी लिहिली जायची आणि दर वर्षी पुढे जायची. सगळा कॅम्प त्यांना दुवा द्यायचा. त्यांच्या घरी कोण वाट बघतं हे कुणी विचारलं नाही, मीही पुष्कळ उशिरा विचारलं.

घरी एक मुलगा होता. बायको गेली तेव्हा मुलगा शाळकरी होता, आणि मामा पोचले तेव्हा तिची राख सावडून झाली होती. मुलगा मावशीकडे वाढला. वर्षानुवर्षं बापाशी फोनवर "हो", "नाही" आणि "बरं", एवढंच बोलला. पुढे हॉटेलचं शिकला आणि पुण्यात, जिथे आपली आपण बियर बनवून विकतात अशा एका ठिकाणी लागला. एक दिवस त्याने एका ग्लासाचा फोटो पाठवला. खाली फक्त लिहिलं होतं, आमची नवी, सिट्रस पेल एल. मामा दिवसभर तो फोटो उघडून बघत होते. मग त्यांनी त्याला विचारलं, ही कशी करतात? तर मुलाने पहिल्यांदा लांबलचक उत्तर पाठवलं, स्वतःच्या आवाजात.

पित्ताच्या माणसाने बियर करायला घेतली ती अशी. दर खेपेला काहीतरी चुके, आणि चुकलं की मुलाला विचारायला निमित्त होई. मला तर वाटतं, काही वेळा ते मुद्दाम चुकवत. मुलगा सांगायचा, पप्पा, सालीच्या आतलं पांढरं काढून टाका, ते घाण कडू लागतं. पप्पा, तापमान वाढू देऊ नका. पप्पा, काडेचिराईत म्हणजे काय? मग मामा काडेचिराइतावर बोलत बसायचे. दोघांनी आईचा विषय काढला नाही, सुट्टीचा काढला नाही. पण आठवड्यातून दोनदा फोन यायला लागला. फोन वाजला की हा पिकल्या मिशांचा फोरमन पोरासारखा पलंगावरून उडी मारायचा.

चव बघायला माणूस नव्हता, हा मोठा घोळ. मामांना पित्त, मला मनाई, आणि कॅम्पात तिसऱ्याला सांगणं म्हणजे पोलिसांना सांगणं. शेवटी मामांनी एक चमचा माझ्या नाकाखाली धरला आणि विचारलं, वास घेणं हराम नाही ना रे? मी म्हटलं, ठाऊक नाही. खरं तर मी कुणा मौलवीला मुद्दामच विचारलं नाही. एकदा विचारलं की मिळेल ते उत्तर पाळावं लागतं. तर मी वास घ्यायचो आणि सांगायचो. हा ओल्या गोणपाटाचा. हा सडलेल्या संत्र्याचा. हा बरा, पण मागून पावाचा वास येतो. मामा माझं म्हणणं शब्दाला शब्द पुण्याला कळवायचे. तिकडे तो मुलगा म्हणे हसायचा आणि विचारायचा, हाजीकाका काय म्हणाले?

वासासाठी काढलेला चमचा सोडून बाकी सगळं ते बाथरूमच्या मोरीत ओतून टाकायचे. एक पंजाबी फोरमन कसा कोण जाणे ओळखून गेला. नववर्षाच्या पार्टीला काही बाटल्या दे म्हणून मागे लागला, मागाल ते देतो म्हणाला. मामांनी त्याला खोलीत बसवून चहा पाजला आणि म्हणाले की वर्ष बदललं म्हणून दारू प्यावी इतकं इथे कुणी दुःखी आहे का? तो गेल्यावर त्यांनी भरलेला बुधला लगेच रिकामा केला, कारण त्याचा काही भरवसा नव्हता. मला वाईट वाटलं. महिनाभराचं काम होतं ते. मी काही बोलणार तर मामांनी हात वर केला आणि म्हणाले, "फेस बसू दे, मंग बोल." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी रागावलेला असो, रडत असो, पगारवाढीने नाचत असो, मामांचं औषध एकच.

मग एका वर्षी पुण्याहून निरोप आला. मुलाने आपल्या मालकाला पटवलं होतं. बापाची बियर, पपनस आणि काडेचिराइताची, पुण्यात मोठ्या टाकीत करायची आणि गिऱ्हाइकांना प्यायला द्यायची. टाकीत बियर आंबायला लागलीही होती. पहिला ग्लास भरायच्या दिवशी पप्पांनी हजर राहावं. मामांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची अडचण ऐकून "मला जमणार नाही" म्हटलं आणि सुट्टीचा अर्ज केला.

त्यांच्या बुधल्यात तेव्हा तीच बियर आंबत होती, पुण्याच्या टाकीतल्या बियरचीच बहीण. तिला अजून काही दिवस हवे होते. पण तिकीट आधीचं मिळालं. बुधला मागे ठेवावा तर नळीखालचं पाणी कोण बघणार? माझ्यावर ते काम टाकायला त्यांना संकोच वाटला. म्हणून ज्या माणसाने सगळ्या कॅम्पला धीर धरायला शिकवलं त्याने घाई केली. आंबणं पुरतं थांबलं नसताना त्यांनी ती चापाच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत भरली, कपाटात कपड्यांमागे उभी केली, आणि मला एवढंच सांगितलं की एसी बंद करू नकोस. परत आल्यावर दोघी बहिणी ताडून बघायच्या होत्या त्यांना. जाताना नवा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटी कापली होती.

ते गेल्यावर आठवड्याच्या आत मला यान्बूबाहेर, इकॉनॉमिक सिटीच्या बाजूला, काही दिवसांच्या एका कामावर पाठवलं. आदल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी गाडी. मी मामांना फोन केला, बाटल्या ओतून टाकू का? त्यांचा आवाज किती आनंदात होता. म्हणाले की राहू दे रे, एसी चालू असला की झालं. मी कॅम्प बॉसला एसी चालू ठेवायला सांगितलं. तो हो म्हणाला. पण कॅम्पचा नियम असा की खोलीतली दोन्ही माणसं बाहेर असली की तिची वीज बंद करायची. त्याच्या माणसाने नियमाप्रमाणे बटण खाली केलं. जुलैचा महिना होता. बंद खोलीत, बंद कपाटात बाटल्या तापत गेल्या आणि आतली अर्धवट आंबलेली बियर पुन्हा उकळ्या फुटल्यासारखी आंबायला लागली.

बाटल्या एकापाठोपाठ एक फुटल्या. शेजारच्या खोलीतल्यांना वाटलं सिलिंडर फुटला. दार तोडलं तर कपाटाचा दरवाजा निखळलेला, भिंतीत काचा घुसलेल्या, आणि फरशीवर सोनेरी पाणी. वासाने सगळं सांगितलं. सुरक्षावाले आले, मग पोलीस आले. मला कामावरून उचलून आणलं.

मी त्यांना सांगितलं की हे माझं नाही. माझं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. पण तपास करणारा साहेब थकल्या आवाजात म्हणाला की खोली तुझी, कपाट तुझ्या खोलीतलं, आणि जो सुट्टीवर असतो त्याच्यावर ढकलायचं हे इथे प्रत्येक जण करतो. त्यात त्याचं काय चुकलं? मीही त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. मामा हजारो मैलांवर होते. ते परत आले नाहीत तर गुन्हा माझ्या नावावर लागणार, हे मला तिथल्या सगळ्यांनी समजावलं, आणि कोण परत येतो? आपल्या पायांनी तुरुंगात जायला विमानाचं तिकीट काढणारा माणूस मी तरी ऐकला नव्हता.

कोठडीत मी नमाज पढायचो तेव्हा एक शिपाई दारात उभा राहून बघायचा. एकदा त्याने विचारलं, तू मुसलमान? आणि मान हलवत निघून गेला. तेवढं मला मारापेक्षा लागलं. कंपनीने एकदा घरी फोन करू दिला. अम्मी आली फोनवर. तिने बाकी काही विचारलं नाही. म्हणाली, "खरा सांग मला, पिलास काय तू?" मी म्हटलं, नाही अम्मी. तिने विश्वास ठेवला की नाही हे मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. मुलींचे चेहरे डोळ्यांपुढे आणून मी मामांना मनात इतक्या शिव्या दिल्या की त्या बियरसारख्या ऊतू जात असतील. मला त्यांचा राग आला होता आणि तो खरा होता.

आमच्या कॅम्पातल्या चिपळूणच्या एका पोऱ्याने मामांना फोन केला, हे मला पुढे समजलं. तो गुरुवार होता. शनिवारी पुण्यात पहिला ग्लास भरायचा होता. शुक्रवारी मामा विमानात बसले.

ते सरळ पोलीस ठाण्यात आले. कंपनीचा सरकारी कामं बघणारा इजिप्शियन माणूस तिथे होता, त्याने मला सगळं सांगितलं. विमानतळावरून तो त्यांना आधी कॅम्पात नेणार होता, वकिलाशी बोलू म्हणाला. मामा म्हणाले, नको. ठाण्यात जाऊन त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि आपल्या मोडक्या अरबीत साहेबाला म्हणाले, "हादा कुल्लू हक्क अना. सदीक मा फी मालूम." हे सगळं माझं, दोस्ताला काही माहीत नाही. साहेबाने त्यांना दोनदा विचारलं, तू इंडियात होतास ना? मग का आलास? मामांकडे त्याचं अरबी नव्हतं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग बियर कशी केली ते जव भिजवण्यापासून सांगायला लागले, तेव्हा साहेबाने हात जोडल्यासारखे करून त्यांना थांबवलं.

मला सोडलं तेव्हा त्यांना आत नेत होते. मधल्या वाटेत आम्हाला थोडा वेळ उभं राहू दिलं. तोच नवा शर्ट, आता चुरगळलेला. माझा राग कुठे गेला मला कळेना. मला रडू आलं आणि त्यांनी ते दिसलं नाहीसं दाखवलं. मी विचारलं, मुलगा काय म्हणाला?

"चिडलाय," ते म्हणाले. "बसंल फेस. मंग बोलंल."

मग त्यांनी विचारलं की खोलीत वास कसा होता? मी खरं ते सांगितलं. मला सामानाची ओळख पटवायला खोलीत नेलं होतं तेव्हा कितीही संकटात असलो तरी माझ्या नाकाला कळलं होतं. पावाचा वास नव्हता, गोणपाटाचा नव्हता. पपनसाच्या फुलांचा होता, आणि मागून बारीकसा कडू. मामांनी मान हलवली. शिपायाने त्यांच्या दंडाला हात लावला तसे ते चालू लागले.

त्यांना शिक्षा झाली, काही महिने आत काढले आणि मग तिथूनच परत पाठवलं. माझा इकामा, तिथे राहायचा परवाना, राहिला, नोकरी राहिली. घरच्यांपलीकडे गावात कुणाला काही कळलं नाही. थोरलीचं लग्न चांगल्या घरात झालं, धाकटीचं ठरलंय. मामा गावी एकटेच राहिले. फोनवर तब्येतीचं विचारलं तर मोसंबीच्या भावाबद्दल बोलायचे. मुलाचं विचारलं की म्हणायचे, कामात असतो. त्या हिवाळ्यात झोपेतच गेले. मला ते व्हॉट्सअॅपच्या एका ओळीतून कळलं. त्या वेळी मला सुट्टी मिळेना, आणि माझ्या जागी उभं राहणारं आता कुणी नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मी पुण्याला मुलाकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतो. बापाचंच नाक आहे. मी नाव सांगितलं तसा म्हणाला, हाजीकाका ना, या. चहा केला. त्याच्याशी कसं बोलायचं हे मी गाडीत बसून कितीदा घोकलं होतं, सगळं विसरलो. मी एवढंच म्हटलं की तुझे वडील आले नसते तर आज मी कुठे असतो सांगता येत नाही.

तो शांतपणे म्हणाला, हो, पप्पा तसेच होते. त्या शनिवारी त्याने पहिला ग्लास भरला होता. मालकाने विचारलं वडील कुठे, तर त्याने सांगितलं, त्यांना काम निघालं. लोकांना बियर आवडली होती. त्याने मात्र ती पुन्हा केली नाही. बाप सुटून आल्यावर फोन यायचा, तो उचलायचा नाही. उचलणार होता, म्हणाला. थोडे दिवस जाऊ द्यावे असं वाटत होतं.

मी कप खाली ठेवला. तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

"काका, तुमच्यासाठी ते एका दिवसात विमानात बसले," तो म्हणाला. "म्हणजे त्यांना येता येत होतं. आई गेली तेव्हा, माझ्या दहावीला, मला टायफॉइड झाला तेव्हा. त्यांना एका दिवसात येता येत होतं."

मी म्हटलं, "हो बाळा."